आसरा आणि घर

मनुष्यास एका रात्रीचा आसरा देणे आणि त्यास घर देणे, यांत केवळ कालाचेच अंतर आहे काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु किंचित विचार केला असता दिसून येते की, पहिली बाब दयेची आहे व दुसरी न्यायाची.

दयेची परंपरा आपल्याकडे तोकडी नाही. गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, व तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. भिंती त्याच राहिल्या. आत येणाऱ्याचे नाते मात्र पालटले. चार दिवसांचा पाहुणा गेला, रहिवासी आला.

हेच कार्य कॅलिफोर्नियात २०२० साली सरकारी द्रव्याने आरंभिले गेले. महामारीत ओस पडलेल्या हॉटेल-मोटेलांतील खोल्या बेघरांसाठी प्रथम भाड्याने घेतल्या. पुढे कित्येक इमारती विकत घेऊन तेथे कायमची घरे केली. त्याच वर्षी नागपुरातही आमदार निवासाच्या खोल्या विलगीकरणासाठी उघडल्या होत्या. तेथे प्रवेशास अट होती ती रोगाच्या संशयाची, पदाची नव्हे. साथ ओसरली आणि ते दार पुन्हा पूर्ववत् झाले.

आता हुडकेश्वराकडे पाहावे. एके काळचे हे शेतशिवाराचे गाव आज नागपूरच्या वाढत्या वस्तीत सामावले आहे. अशा वस्तीत घरे बांधणारा मजूर काम चालू असेतो तेथेच पत्र्याच्या आडोशास निजतो, आणि इमारत पुरी होताच बिऱ्हाड पाठीवर घेतो. न चालणारे एखादे लॉज त्याच्यासाठी का घेऊ नये? कोणी म्हणेल, मालकाच्या हक्काचे काय? त्यास रास्त मोल द्यावे. कोणी म्हणेल, फुकटाने मनुष्य आळसावतो. मग ऐपतीप्रमाणे भाडे घ्यावे. पण उद्या कोठे निजावे याची ज्यास विवंचना, त्याच्याकडून उद्योगाची अपेक्षा कशी करावी?

मात्र खोली दिली म्हणजे घर दिले असे नव्हे. जेथे आपली चूल पेटविता येत नाही, ज्या दाराची किल्ली आपल्या कनवटीस नाही आणि जेथून कोणीही केव्हाही उठवू शकतो, तो आसराच होय.

भीतीपोटी आपण दारे उघडू शकतो, हे २०२० साली सिद्ध झाले. तेव्हा प्रश्न खोल्यांचा नाही. दुसऱ्याचा रोग आपल्यापर्यंत पोहोचतो म्हणून जे दिले, ते त्याचे उघड्यावरचे जिणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून नाकारावे काय?