मांडीवरची पिशवी

गोधडी प्रवासाला नेता येत नाही. आमच्या फलटण भागात तिला वाकळ म्हणतात. ती घरभर पसरते. खाली अस्तराला जुनं लुगडं, मधे धोतराचे नि सदऱ्याचे थर, वर ठिगळं, आणि बाया सरकत सरकत धावदोरा घालत जाणार. मग एष्टीत न्यायचं काय? तर नुसती ठिगळं. ती जोडून पट्टी करायची, आणि पट्ट्या घरी आल्यावर वाकळंवर अंथरायच्या. आमची मंडळी ही तयारी आदल्या दिवशी करते, दशम्या बांधाव्या तितक्याच काळजीनं.

खोक्याच्या पुठ्ठ्याचा वीतभर चौकोन तिनं माप म्हणून ठेवलाय. त्यावरून तुकडे घरीच कापायचे, हलत्या गाडीत कात्री चालवायची नाही. कापड सुती नि धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कापड पाण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढतं. टेरिकॉट ती घेतच नाही, सुईखाली सरकतं म्हणते. ज्या क्रमानं जोडायचे त्या क्रमानं तुकडे रचून मधून एक कच्चा दोरा ओवते. सुया चार, त्याही घरी ओवलेल्या, कारण खड्ड्यातनं जाताना नेढं सापडत नाही. त्या चिंधीत टोचायच्या, चिंधी डबीत. शिवताना चार-पाच टाक्यांमागं एक उलटा टाका, म्हणजे दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. पिशवी मांडीवर, वरच्या फळीवर नाही.

आता प्रश्न असा, की बाईनं प्रवासातही काम का करावं? मी खिडकीतनं लोकांचा ऊस बघत बसतो, त्याला कुणी रिकामं बसणं म्हणत नाही. बाई हात जोडून बसली की म्हणतात, काय निवांत बसलीय बघा.

1972 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मी भाकरी पोचवायला जायचो. दुपारच्या सुट्टीत गडी बाभळीखाली आडवे व्हायचे आणि बाया कमरेची चिंधी सोडून ठिगळं जोडायच्या. गावात त्याचं कौतुक व्हायचं, कामसू बाया म्हणून. पण घरात अंथरूण नव्हतं आणि थंडी तोंडावर होती, हे त्यातलं खरं कारण. गरजेला गुण म्हणायचं, हे बाभळीखाली पडलेल्यांना सोयीचं असतं.

17 मार्च 2023 पासून बायकांना एष्टीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून पुण्याला लेकीकडं आमच्या खेपा वाढल्या. एकदा तिला म्हणालो, "आता कशाची गरज हाय? घरात रग पडल्यात. बस की निवांत."

ती म्हणाली, "अवं, घरी चार टाकं घातलं की कुणीतरी हाक मारतंय. च्या, कालवड, तुमची गोळी. हितं कोण हाक मारणार? हे काम न्हवं, ही माझी सवड हाय."

मी जरा गप बसलो. म्हणजे तोच दोरा, तेच ठिगळ, पण आईला ते भाग होतं आणि हिला मोकळीक. बघणाऱ्याला दोघी सारख्याच दिसणार. तरी माझी शंका गेली नाही. सवड घ्यायला हातात सुई कशाला लागावी? परवाना दाखवल्यासारखी? म्हणून विचारलं, "नुसती डोळं मिटून बसलीस तर लाज वाटंल का?"

तिनं टाका पुरा केला. "लाज न्हाई वाटणार. पर करमणार न्हाई."

हे मला अर्धंच पटलं. ज्या हाताला रिकामं राहायला कधी मिळालंच नाही, त्याला काय करमतं हे कसं कळावं? पण मग माझंही तसंच आहे. खिडकीतनं मी डोंगर बघत नाही, दुसऱ्याच्या उसाच्या सऱ्या मोजतो.

ती पूर्वी वीस तुकडे न्यायची, ते स्वारगेटपर्यंत पुरायचे. आता मोजून बारा नेते. जेजुरीला ते संपतात. डबी बंद करते, पिशवी माझ्या मांडीवर ठेवते आणि मला खिडकीतनं उठवते. पुढं दिवे घाट लागतो, तो तिला बघायचा असतो.