राहिलेलं पाणी

गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्याजवळ ट्रक बंद पडला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. क्लच प्लेट जळली होती. बांद्याहून मेकॅनिक यायला दुपार होणार हे कळल्यावर सरदारजी ड्रायव्हर खाली उतरला आणि चहाच्या टपरीवर आला. बोलला ते अस्सल मराठवाडी. नांदेडचा होता तो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, त्या हुजूर साहिबच्या परिसरात लहानाचा मोठा झालेला.

"दादा, दोन घागरी पाणी मिळंल का? अन् दूध असंल तेवढं सगळं द्या. पैसे आधी घ्या."

"इतकं पाणी कशाला?" टपरीवाल्या पोराने विचारलं.

"आज गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस. बेतीच्या गुरुद्वारात छबीलीच्या सेवेला चाललो होतो. साखर, सरबत समदं ट्रकात हाय. आता काय वेळेत पोचत नाही. हितंच लावतो छबील."

ज्येष्ठातल्या उन्हात शीख मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहतात, येणारी-जाणारी वाहनं थांबवतात आणि दूध, साखर, गुलाबाचं सरबत घातलेलं गार पाणी हात जोडून पाजतात. ती छबील. १६०६ साली लाहोरात मोगल सत्तेने पाचव्या गुरूंचा प्राण घेतला. तापल्या तव्यावर बसवून अंगावर तापलेली वाळू ओतली, असं शीख परंपरा सांगते. एवढ्या दाहाची आठवण माणसं दुसऱ्याची तहान भागवून ठेवतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पोराच्या कपाळाला आठी पडली. फ्रिजमध्ये पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या नुकत्याच भरून ठेवलेल्या. पाऊस लागला की धंदा बसणार, कमाईचे हे शेवटचे आठ दिवस. टपरीच्या तोंडावरच फुकट सरबत वाटायला लागलं, तर बाटली कोण घेणार?

"पाणी नाही," तो म्हणाला. "विहीर आटलीय. पुढे बघा कुठेतरी."

ड्रायव्हर "बरं" म्हणून वळला. त्याने वादही घातला नाही.

विहीर आटलेली नव्हती. मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली आजी सूप तसंच टाकून उठली.

"पुता, काय सांगितलंस तू त्याला?"

पोर गप्प.

"मी नऊ वर्षांची होते," आजी म्हणाली. "१९५५ साल. पंधरा ऑगस्ट. गोवा सोडवायला सत्याग्रही हद्द ओलांडून येणार म्हणून पाखल्यांचे, पोर्तुगिजांचे शिपाई बंदुका घेऊन बसलेले. जो कोण मदत करील त्याची धडगत नाही, असा धाक. सकाळी याच दारावर थाप पडली. बाहेर कोणीतरी हिंदीत पाणी मागत होता. मी तांब्या भरून धावले. आयेने माझा हात धरला, दाराला कडी घातली. तो दोनदा पाणी म्हणाला, मग पावलं लांब गेली. नंतर गोळ्यांचे आवाज आले."

त्या दिवशी पत्रादेवीला गोळ्या लागून जे पडले, त्यांत लुधियाना जिल्ह्यातल्या ईसडू गावचा तरुण शिक्षक करनैलसिंगही होता. दारावर आलेला माणूस कोण होता, जगला की गेला, हे आजीला कधीच कळलं नाही. तिची आई साखळीजवळच्या विठ्ठलापूरची, वाळवंटीकाठच्या विठोबासमोर वाढलेली. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण भीती वाईट. मरेपर्यंत तिने त्या सकाळचं नाव काढलं नाही. त्या वर्षापासून मात्र एकादशीला ती पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसे.

"आये भ्यायली होती," आजी म्हणाली. "तुला कसली भीती?"

तिने स्वतः पाणी काढायचा दोर खांद्यावर टाकला आणि विहिरीकडे निघाली. चार पावलांवर पोराने तो तिच्या खांद्यावरून घेतला.

दहाच्या सुमाराला टपरीपुढे मोठं पातेलं मांडलं गेलं. पाणी विहिरीचं, दूध टपरीतलं, साखर न् सरबत ट्रकातलं. ड्रायव्हर ढवळत म्हणाला, "माय, तुमी बसा सावलीत."

"पाणी मी देणार," आजी म्हणाली. तिचा स्वर ऐकून त्याने मुकाट्याने पेले तिच्यापुढे सरकवले.

कामगार आले, एसटीतले प्रवासी उतरले, माशांच्या टेम्पोवाला आला, नाक्यावरचे पोलीस आले. पहिल्यांदा पोर लाजत होता. तासाभराने तोच रस्त्यात उभा राहून हात दाखवत होता, "थांबा, सरबत घेऊन जावा!" त्या दिवशी बाटल्या फार खपल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

मधल्या वेळी ड्रायव्हर आजीला म्हणाला, "माय, आमचा ग्रंथ ह्याच गुरूंनी सिद्ध केला, १६०४ साली. त्यात नामदेवबाबांची ६१ पदं हायेत."

"आमच्या नाम्याची?"

"तुमच्या न् आमच्या."

आजी पेला भरता भरता थांबली. पदराने डोळे टिपले आणि पुढच्या माणसाला पेला दिला.

तीनला क्लच बसला. पातेल्याच्या तळाशी एका पेल्याचं पाणी उरलं होतं. "माय, समदे पिऊन झाले, आता हे तुमी घ्या," ड्रायव्हर म्हणाला.

आजीने तो पेला काठोकाठ भरला. "एक जण राहिलाय," ती म्हणाली आणि सांडू नये म्हणून वरून तळहात धरून हुतात्मा स्मारकाकडे चालू लागली. ड्रायव्हरने चपला तिथेच काढल्या आणि तो तिच्या मागोमाग निघाला. पोर धावत पुढे गेला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्याने गाड्या थांबवल्या.