दोर एकट्याचा नसतो

ज्याला जन्मभर औषध घ्यायचे आहे, त्याने डोंगर चढावा का? घरची माणसे म्हणतात, "कशाला विषाची परीक्षा?" त्यामागे माया असते. तो स्वतः म्हणतो, "देह माझा, जोखीम माझी." मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

मे २००६ मध्ये ऑस्ट्रियाचे गेरी विंकलर एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. ते इन्सुलिनवर जगणारे मधुमेही. प्रवास त्यांनी मृत समुद्राच्या काठापासून, म्हणजे जमिनीवरच्या सर्वांत सखल जागेपासून सुरू केला होता. त्याच महिन्यात अमेरिकेचे विल क्रॉस, तेही मधुमेही, शिखरावर गेले. अशा बातम्या आपण 'जिद्दीपुढे आजार हरला' म्हणून वाचतो. पण आजार हरत नाही. तो शिखरापर्यंत सोबत येतो. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत सांभाळावे लागते. कडाक्याच्या थंडीत आणि विरळ हवेत साखर मोजणारे यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकते. साखर उतरली की माणूस अडखळतो, गोंधळतो. उंचीचा त्रास झालेला माणूसही तसाच वागतो. अशा वेळी आपल्याला काय होते आहे, हे त्याचे त्यालाच उमगेल असे नाही. ते सोबत्याला ओळखावे लागते.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. एका दोराला बांधलेल्यांपैकी एक कोसळला, तर ओढ सगळ्यांना बसते. आजार लपवून निघणारा इतरांचा जीवही त्यांना न विचारता पणाला लावतो. तिथे 'देह माझा' हे म्हणणे टिकत नाही.

पण माणूस आजार लपवतो का? सांगितले की नाव कटते म्हणून. शाळेची सहल १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला निघाली, तर मधुमेही मुलाचे नाव यादीतून आधी गळते. साखर उतरल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा तोंडात काय घालायचे, हे शिक्षकाने शिकून घ्यायला फार वेळ लागत नाही. ते टाळून मुलाला घरी बसवायचे आणि त्याला काळजी म्हणायचे, हा कुठला न्याय? उद्या त्याने आजार लपवला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

प्रत्येक डोंगर प्रत्येकासाठी नसतो. डॉक्टरांचा नकार कधी कधी मानावाच लागतो. मात्र जिथे जाणे शक्य आहे, तिथे दोघांवर कर्तव्य आहे. आजाऱ्याने खरे सांगावे आणि सोबत्यांनी, ते ऐकूनही, त्याला दोरावर जागा द्यावी. दुसरे झाले नाही, तर पहिल्याची अपेक्षा धरण्याचा हक्क आपल्याला नाही.