मृत राजाचा हक्क

माणूस निवर्तला की त्याची मालकी संपते, हे वारसाच्या कायद्याचे मूळ तत्त्व होय. देवतेची गोष्ट मात्र वेगळी. आपली न्यायालये मंदिरातील देवतेला व्यक्ती मानतात. तिच्या नावे जमीन असू शकते, तिच्या वतीने फिर्यादही लावता येते. मग मृत राजालाच देव मानले, तर जिवंतांच्या वाट्याला काय उरते?

पेरू देशातील इंका लोकांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. राजा हा सूर्यदेव इंतीचा पुत्र, अशी त्यांची श्रद्धा. त्याचा मृत देह ते जतन करीत, त्याला वस्त्रे व नैवेद्य अर्पण करीत आणि सणासुदीला कुस्को नगरीच्या चौकात आणून बसवीत. त्याचे वाडे, शेते व सेवक त्याच्याच नावे राहत आणि त्यांचा कारभार त्याचे कूळ पाही. गादीवर येणाऱ्यास राज्य मिळे, परंतु पित्याची दौलत मिळत नसे. वास्कार राजाने मृतांच्या जमिनी काढून घेण्याची भाषा केली आणि बड्या घराण्यांचा रोष ओढवून घेतला, असे पेद्रो पिसारो हा स्पॅनिश बखरकार सांगतो. पुढे भाऊबंदकीचे युद्ध झाले आणि १५३२ मध्ये स्पॅनिश लोक राज्यात शिरले. १५५९ मध्ये ओंदेगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने काही राजदेह शोधून ताब्यात घेतले.

मृत राजाची पूजा आमच्याकडेही आहे. चिंताकी ज्या बीदर जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यातील अष्टूर येथे बहमनी सुलतान अहमदशहाची कबर आहे. तो १४३६ मध्ये वारला. अवर्षणात त्याने टेकडीवर जाऊन प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच लोक त्याला 'वली' म्हणतात. त्याच्या उरुसाला हिंदू व मुसलमान दोघेही जमतात, आणि लिंगायत जंगमाला तेथे मान असतो. याच सुलतानाने विजयनगरवरील स्वारीत केलेल्या कत्तलींची हकीकत फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. लोकांनी ती कत्तल पूजेला लावली नाही; पाऊस तेवढा लावला.

इंका प्रजेची श्रद्धा खोटी होती, असे मुळीच नव्हे. परंतु त्या श्रद्धेला जमीन आणि वेठ जोडलेली होती, म्हणून तिचा भार कष्टकऱ्यांच्या पाठीवर पडे. बहमनी राज्य लयाला जाऊन शतके लोटली. अष्टूरला जाणाऱ्यास आज कोणताही सुलतान बोलावीत नाही. तो आपल्या पायांनी जातो आणि आपल्या गाठीचा नारळ वाहतो.

फरक आहे तो येथेच. मृतांना आदर जरूर द्यावा. तो देणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो. दुसऱ्याची जमीन किंवा दुसऱ्याचे श्रम त्यांच्या नावे लिहून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. थोर पुरुषांच्या स्मारकांसाठी सरकारी खजिना उघडताना एवढा विवेक आपणही बाळगावयास हवा.