शिफारशीचे ऋण

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातली मुले आता शिकण्यासाठी लोकलने मुंबईकडे, सीमा ओलांडून गुजरातेत आणि क्वचित परदेशातही निघतात. गुणांवर प्रवेश मिळतो तिथे प्रश्न नसतो. पण काही शिष्यवृत्त्या आणि परदेशातली विद्यापीठे शिक्षकांचे शिफारसपत्र मागतात. ज्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली जाते, त्या घराला आपल्या मुलाविषयी चार शब्द लिहू शकेल असे माणूस एकच ठाऊक असते : शाळेतले गुरुजी किंवा बाई. पत्र मिळते, प्रवेश होतो आणि मग प्रश्न उरतो, या उपकाराचे आभार मानायचे कसे?

पेढे न्यावेत, मोसमात घोलवडच्या चिकूंची पाटी न्यावी, पाया पडावे, झाले. इतके हे सोपे आहे काय? आम्हाला इथे एक गल्लत दिसते. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, गुणपत्रिका हे विद्यार्थ्याच्या हक्काचे कागद आहेत. ते देणारा मेहेरबानी करीत नाही. तरी पाड्यावरून आलेला बाप त्या खिडकीशीही हात जोडून उभा राहतो. हक्काच्या वस्तूसाठी माणसाला वारंवार वाकावे लागले, की कृतज्ञता आणि लाचारी यांतला फरक पुसला जातो. खऱ्या उपकाराच्या वेळी मग त्याच्याजवळ वेगळा शब्दच उरत नाही.

शिफारस मात्र हक्काने मागता येत नाही. ती साक्ष असते. लिहिणारा आपली पत दुसऱ्यासाठी पणाला लावतो. ती कागदावरच असावी लागते असेही नाही. जोतीराव फुल्यांचे शिक्षण वडिलांनी थांबवले होते. तेव्हा शेजारचे उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. मुन्शींनी कसला अर्ज भरला नव्हता. या मुलाला शिकवा, इतकाच त्यांचा शब्द होता.

साक्ष म्हटली की खरेपणा आला. डॉ. आंबेडकरांच्या १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत आपले मतभेद त्यांनी झाकले नाहीत, म्हणूनच त्यांच्या कौतुकाला वजन आले. पत्र लिहिण्याआधी पोहोचलेली भेट नेमके हे वजन काढून घेते. पत्रानंतरची भेट मायेची असू शकते, पण तिने ऋण फिटले असे मानणे म्हणजे साक्षीची किंमत ठरवणे झाले.

आमच्याच भागात शिक्षकांनी याहून मोठी साक्ष दिलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आदिवासी मूल शिकू शकते, हे सांगायला त्या कोणा कुलगुरूंकडे गेल्या नाहीत. आपले आयुष्य कोसबाडला घालवून त्यांनी ते साऱ्या समाजासमोर सांगितले. अशा साक्षीचे आभार कुठल्या पेढ्यांनी मानणार?

आमच्या मते ते मानण्याची पहिली रीत अगदी साधी आहे : निकाल कळवणे. पत्र नेणारे पुष्कळ, पुढे काय झाले हे सांगायला परत येणारे थोडे. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला, त्याला त्या शब्दाचे काय झाले हे कळायला नको काय? त्यानंतरचे काम वर्षानुवर्षांचे आहे. त्याने आपल्याविषयी जे लिहिले ते वागण्यातून खरे करणे, आणि आपली पत तयार झाली की ती दुसऱ्या कोणासाठी पणाला लावणे.

जुन्या काळी मदरशांतून उस्ताद आपल्या शागिर्दाला इजाजतनामा लिहून देत. त्यात उस्तादाच्या उस्तादांचीही नावे साखळीसारखी येत. त्या कागदाचा अर्थ, आता तू शिकव. शागिर्द शिकवू लागला, की आपल्या आधीच्या सगळ्यांचा शुक्रिया त्याच्या शिकवण्यातूनच होत राही. मुन्शींच्या शब्दावर शाळेत परतलेल्या जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, ती आम्हाला याच साखळीतली वाटते.

तलासरीच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी उद्या अधिकारी किंवा प्राध्यापक होईल. तिच्या दाराशीही कोणी संकोचून उभे राहील, हातात कोरा अर्ज घेऊन. त्या वेळी तिने त्याला आधी बसायला सांगावे आणि मग त्याच्याविषयी खरे तेवढेच, पण मन लावून लिहावे. तिच्या जुन्या बाईंना याहून चांगला निरोप कोणता पोहोचेल?