योजनेची परीक्षा कोणी करावी?

बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव सोलापूर-धुळे राजमार्गावर आहे. त्या रस्त्याने मालमोटारींबरोबर तेलाचे टँकरही जात असतात, आणि अशा टँकरांतून येणाऱ्या डिझेलवरच आमच्या शेतांतील ट्रॅक्टर व गावोगावच्या गाड्या चालतात. ते तेल मुळात कोठून येते ह्याचा विचार मात्र आम्ही क्वचितच करतो. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक भाग परदेशांतून जहाजांनी येतो. समुद्र तर चौसाळ्याहून फार दूर. आमच्या बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी मांजरा गोदावरीस मिळते, आणि तिचे पाणी जाते तेही मुंबईच्या समुद्रास नव्हे, पूर्वेच्या समुद्रास. असे असता समुद्रात सांडलेल्या तेलाविषयी सरकारने कोणते संशोधन करावे, आणि त्या संशोधनाच्या योजनेची परीक्षा कोणाकडून करवावी, हा विषय खेड्यातील वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील.

प्रयोजन दुहेरी आहे. पहिले हे की, जे तेल आम्ही जाळतो ते आणताना होणाऱ्या हानीचा भार आम्हांवर पडत नाही. तो किनाऱ्यावरील कोळ्यावर पडतो. ज्याचा लाभ आम्ही घेतो त्याची किंमत दुसरा देत असेल, तर त्याच्याविषयी विचार करणे हे आमचे कर्तव्य होय. दुसरे हे की, ह्या प्रश्नाच्या मुळाशी जो नीतीचा प्रश्न आहे तो समुद्रापुरता नाही. तो प्रत्येक गावाच्या चावडीवर उभा आहे. तो प्रश्न असा: ज्याने योजना केली त्यानेच तिची परीक्षा करावी काय? आणि ज्यास त्या विषयाचे ज्ञान आहे, त्यास परीक्षेसाठी बोलावले असता त्याचे कर्तव्य काय?

प्रथम आपल्याच राज्यातील गोष्ट पाहू. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' ह्या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' एका बाजूस कलंडली, तिच्यावरील लोखंडी कंटेनर समुद्रात पडले, आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात सांडले. काही दिवस बंदराची वाहतूक थांबली. मुंबई व रायगड ह्या बाजूच्या किनाऱ्यांवर काळा थर आला. तो तिवरांच्या झाडांत शिरला. तिवरांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेत असतात. त्यांवर तेल बसले म्हणजे झाड गुदमरते. शिवाय त्या चिखलात हवा फारशी नसल्यामुळे तेथे शिरलेले तेल लवकर कुजत नाही, वर्षानुवर्षे तसेच राहते. आणि तिवरांच्या आश्रयाने तर कोळंबीची व माशांची पिले वाढतात. म्हणजे आज सांडलेल्या तेलाचा परिणाम उद्याच्या जाळ्यावर होतो.

अशा वेळी अनेक प्रश्न उठतात. तेल पसरवून टाकणारे रसायन फवारावे की नाही? चिखलातील तेल पाण्याच्या जोराने धुवावे, की त्याने ते अधिकच खोल जाईल? तेल खाणारे सूक्ष्म जंतू पावसाळ्यातील खाडीत आपले काम करतील काय? मासा खाण्यास निर्धोक केव्हा समजावा? ह्यांची उत्तरे अपघाताच्या दिवशी शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. ती आधीच शोधून ठेविली पाहिजेत. आणि कोणता प्रश्न आधी घ्यावा, कोणता मागून, कोणावर किती पैसा खर्चावा, हे ठरविणे म्हणजेच संशोधनाची योजना. थंड देशांतील किनाऱ्यांवर जे प्रयोग झाले त्यांचे फळ कोकणातील तिवरांस जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. म्हणून ही योजना करणे सोपे नाही, आणि तिच्यातील चूक फार महाग पडते.

आता कोणी म्हणेल की, सरकारजवळ विद्वान मनुष्ये आहेत, त्यांनी योजना केली, मग बाहेरच्या परीक्षकांची गरज काय? ह्याचे उत्तर इंग्लंडमधील एका गोष्टीवरून मिळते. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' नावाचे जहाज कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यात सुमारे १,२०,००० टन कच्चे तेल होते. किनारा वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूने सुमारे १०,००० टन धुण्याची रसायने तेलावर व खडकांवर ओतण्यात आली. पुढे प्लिमथ येथील समुद्रजीवशास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा असे दिसून आले की, तेलापेक्षा त्या रसायनांनीच अधिक जीव मारले. खडकांस चिकटून राहणारे व शेवाळ खाऊन जगणारे शंखजातीचे प्राणी मेले, आणि खडक शेवाळाने झाकून गेले. जेथे रसायन ओतले नव्हते तेथील किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. जेथे ते भरपूर ओतले होते तेथे दहा व त्याहून अधिक वर्षे लागली.

वाचकहो, येथे लबाडी कोणी केली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. हेतू चांगला होता, श्रम मोठे होते, खर्चही झाला. परंतु जाणत्यांना आधी पुरते विचारले गेले नाही. ह्यावरून आम्हांस असे वाटते की, परीक्षा ही केवळ अप्रामाणिक मनुष्यासाठी नसते. प्रामाणिक मनुष्यास तर ती अधिक हवी, कारण आपला हेतू शुद्ध आहे ह्या विश्वासामुळेच त्यास आपली चूक दिसत नाही. दिव्याखाली अंधार असतो. आणि तो अंधार दिव्याच्या दोषाने पडत नाही, त्याच्या जागेमुळेच पडतो.

जेथे हेतूबरोबर स्वार्थही मिसळतो तेथे तर परीक्षकाशिवाय चालतच नाही. २० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' ह्या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होऊन अकरा कामगार मरण पावले, आणि समुद्रतळातून ८७ दिवस तेल वाहत राहिले. आरंभी सांगण्यात आले की दररोज सुमारे १,००० पिंपे तेल निघत आहे. मग ५,००० सांगण्यात आले. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी चित्रे पाहून व हिशेब करून सांगितले की हा आकडा फारच लहान आहे. अखेर सरकारने नेमलेल्या मंडळाचाच निष्कर्ष असा निघाला की, आरंभी दररोज सुमारे ६२,००० पिंपे तेल बाहेर पडत होते. ज्यास दंड भरावयाचा आहे त्याच्याच हाती माप दिले तर माप लहान होते, हे आमच्या बाजारांतील कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको.

म्हणून त्याच देशाने ह्यापूर्वी केलेली एक व्यवस्था आम्हांस अनुकरणीय वाटते. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन वाल्डेझ' ह्या जहाजातून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडले. त्यानंतर १९९० साली तेलप्रदूषणाचा कायदा झाला. त्या कायद्याने निरनिराळ्या सरकारी खात्यांची एक समिती नेमून तिच्यावर संशोधनाची योजना करण्याचे काम सोपविले. पण तेवढ्यावर न थांबता असेही ठरविले की, ती योजना पुरेशी आहे की नाही हे राष्ट्रीय विज्ञान अकादमीने तपासावे आणि आपला निष्कर्ष लोकप्रतिनिधींच्या सभेस कळवावा. ही अकादमी सरकारचे खाते नव्हे. ती १८६३ साली स्थापन झालेली विद्वानांची स्वतंत्र संस्था आहे. तिच्या परीक्षकांनी १९९३ व १९९४ साली आपले अहवाल दिले, आणि १९९७ साली योजना सुधारून पुन्हा काढण्यात आली. ज्याने योजना केली त्याने स्वतःच आपल्यावर परीक्षक बोलवावा, आणि परीक्षकाचे म्हणणे आपल्याच कपाटात न ठेवता लोकांपुढे जाऊ द्यावे, ह्यात राज्यकर्त्याची मानहानी नाही, प्रत्युत थोरवी आहे.

आपल्या देशातही साधने नाहीत असे नाही. समुद्रावरील तेलाच्या आपत्तीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय योजना अमलात आहे आणि तटरक्षक दल तिचे मुख्य आहे. गोव्यातील दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २०१० च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात तर न्यायाधीशांच्या बरोबरीने तज्ज्ञ सभासद बसतात. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईजवळ बुडालेल्या 'रॅक कॅरियर' ह्या कोळशाच्या जहाजाचे प्रकरण ह्याच न्यायाधिकरणापुढे आले, आणि २०१६ साली जहाजाशी संबंधित कंपन्यांस १०० कोटी रुपये भरण्याचा हुकूम झाला. परंतु हानी झाल्यावर न्याय करण्यास तज्ज्ञ बसविणे, आणि हानी होण्यापूर्वी योजना तपासण्यास तज्ज्ञ बोलावणे, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि दुसरी अधिक शहाणपणाची आहे.

मग परीक्षक कसा असावा? आमच्या मते त्याच्या ठायी तीन गोष्टी असाव्यात. त्यास विषयाचे ज्ञान असावे. निर्णयात त्याचा स्वतःचा लाभ नसावा. आणि अप्रिय सत्य सांगण्याची त्यास मोकळीक असावी. येथे एक खरी अडचण आहे, ती आम्ही लपवीत नाही. ज्यास तेलाचे ज्ञान सर्वांत अधिक, तो पुष्कळदा तेलाच्या कंपनीच्याच चाकरीत असतो किंवा सरकारच्या अनुदानावर काम करतो. अशास अजिबात वगळले तर ज्ञान जाते. न वगळले तर विश्वास जातो. ह्यावर उपाय एवढाच की, प्रत्येकाने आपला संबंध आधी उघडपणे सांगावा, आणि एकाच पंगतीतील माणसे न बोलावता रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, वैद्य व इंजिनियर अशी निरनिराळी माणसे बोलवावीत. त्यांत कोळ्यासही जागा असावी. भरतीचे पाणी कोणत्या खाडीत कोणत्या महिन्यात किती शिरते, मासा कोठे अंडी घालतो, हे त्यास ठाऊक असते. आणि ज्याचे जळते त्यालाच कळते.

आता जाणत्याच्या कर्तव्याविषयी. योजनेचे परीक्षण हे कष्टाचे काम आहे. त्यात मान थोडा, आणि मोबदला बहुधा नसतो. शिवाय आज ज्या खात्याची चूक दाखवावी त्याच्याच दारी उद्या अनुदानासाठी जावे लागते. त्यामुळे पुष्कळ विद्वान गप्प राहणे पसंत करतात. हे मौन निर्दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या विद्येसाठी समाजाने शाळा चालविल्या, तिचा उपयोग समाजास धोक्याची सूचना देण्यास होत नसेल, तर ती विद्या म्हणजे न फेडलेले ऋण होय.

तसेच परीक्षकाच्या शब्दाचे पावित्र्य राखणे हे बोलावणाऱ्याचेही कर्तव्य आहे. आखातातील स्फोटानंतर मे २०१० मध्ये अमेरिकन सरकारच्या एका खात्याने सुरक्षिततेविषयी अहवाल काढला आणि तो तज्ज्ञ इंजिनियरांनी तपासला आहे असे त्यात लिहिले. खोल समुद्रातील खोदकाम सहा महिने थांबवावे अशी शिफारसही त्यात होती. इंजिनियर म्हणाले की, आम्ही जो मसुदा पाहिला त्यात ही शिफारस नव्हती. खात्यास त्यांची क्षमा मागावी लागली. आणि शब्दांची फिरवाफिरव झाल्यामुळे वाचकांचा चुकीचा समज झाला, असे पुढे चौकशीत ठरले. ती बंदी योग्य होती की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. एका कागदावरची सही दुसऱ्या कागदास लावणे हे, कारण कितीही चांगले असले तरी, असत्यच होय. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठविलेल्यांच्या नातवंडांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

अखेर आपल्या गावाकडे येऊ. ग्रामीण रोजगाराच्या २००५ च्या कायद्याने कामांची तपासणी करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला होता. ज्याने बांध घातला त्यानेच तो मापू नये, हेच तत्त्व त्यात होते. पण किती गावांत ती तपासणी मनापासून झाली, आणि किती ठिकाणी न वाचताच सह्या झाल्या, हे ज्याच्या त्याच्या मनास ठाऊक आहे. शाळामास्तर, उपदेशक, लिहिणे-वाचणे जाणणारी तरुण मुले-मुली, हीच खेड्यातील तज्ज्ञ मंडळी होत. त्यांच्यापुढे हिशेबाचा किंवा विहिरीच्या मोजमापाचा कागद आला असता त्यांनी तो वाचावा, जागेवर जाऊन पाहावे, आपला काही संबंध असल्यास तो आधी सांगावा, आणि मग जे दिसले तेवढ्यावरच सही करावी. आणि ज्याचे काम तपासले जात आहे त्याने हा आपला अपमान मानू नये. मोठ्या समुद्रावरील योजनांस जो नियम हवा असे आम्ही म्हणतो, तो आपल्या विहिरीच्या काठी पाळण्यापासून आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे.