जंगल ऐकणारा माणूस

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे महाराष्ट्राचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. मोहर्ली गेटातून पहाटे जिप्सी आत शिरते, तेव्हा आपल्या मनात एकच प्रश्न असतो: वाघ दिसेल का? शेजारचा गाइड मात्र आधी कान देतो. बांबूच्या बेटाशी तो नुसत्या हातानेच गाडी थांबवायला सांगतो. इंजिन बंद होतं. वर सागाच्या फांदीवरून वानर खाकरल्यासारखं ओरडतं, खाली चितळ शेपटी ताठ करून साद घालतं. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वास लवकर लागतो. दोघांच्या नजरा एकाच झुडपाकडे वळल्या, की वाघ किंवा बिबट्या जवळपास आहे हे गाइड ओळखतो. त्यात सांबर ओरडलं, तर त्याची खात्रीच पटते.

हे गाइड आसपासच्या गावांतले. मोहफुलं, तेंदूपानं वेचत वाढलेले. आता त्यांत बायकाही आहेत. त्यांची ही जाण मला वाघाइतकीच मोलाची वाटते.

म्हणून सफारीला गेलात, तर वाघासाठी गाडी पिटाळायला लावू नका. गाइडला विचारा, ‘दादा, आत्ता काय ऐकलंत?’